भाव, मोल आणि गरज : एका आयुष्यातील महागाईचे विवेचन

१. विषय आणि संज्ञा

‘महागाई’ हा शब्द मराठीत तीन भिन्न घटनांसाठी वापरला जातो. पहिली घटना म्हणजे सर्व वस्तूंचे भाव एकत्र चढणे, अर्थात रुपयाची क्रयशक्ती घटणे. दुसरी म्हणजे एखाद्या वस्तूचा भाव इतर वस्तूंच्या मानाने अधिक चढणे. तिसरी म्हणजे पूर्वी पैशावाचून भागणाऱ्या गोष्टींसाठी पैसे मोजावे लागणे. या तिन्ही घटना एकाच आयुष्यात घडल्या, त्यामुळे वृद्ध माणसाच्या बोलण्यात त्या एकत्र येतात. त्यांची कारणे वेगळी आहेत आणि परिणामही वेगळे आहेत. म्हणून प्रथम त्या विलग करणे आवश्यक आहे.

यासाठी तीन संज्ञा निश्चित करू. एखाद्या वस्तूसाठी द्यावी लागणारी रुपयांची संख्या म्हणजे ‘भाव’. ती वस्तू मिळवण्यासाठी करावे लागणारे श्रम, दिवसांत मोजलेले, म्हणजे ‘मोल’. जी गोष्ट विकत घेतल्यावाचून संसार चालत नाही ती ‘गरज’. भाव रुपयात, मोल दिवसांत आणि गरज व्याप्तीत मोजावी लागते. तिन्हींची मापे वेगळी असल्याने एकीवरून दुसरीचा निष्कर्ष काढता येत नाही.

कालखंडही निश्चित करावा लागेल. १९५० मध्ये जन्मलेली व्यक्ती १९६० मध्ये वाण्याकडून सामान आणण्याच्या वयाची झाली आणि २०२४ अखेर तिने पंचाहत्तरी जवळ केली. या व्यक्तीच्या स्मरणाचा पल्ला, म्हणजे १९६० ते डिसेंबर २०२४, हा येथे ‘आयुष्य’ मानला आहे. १९६० हा आरंभबिंदू निवडण्याचे कारण असे की, किंमत निर्देशांकाची एक महत्त्वाची मालिका त्या वर्षाच्या पायावर उभी आहे; तसेच वेतन आणि दारिद्र्य यांचे विश्वसनीय आकडे त्याच सुमाराचे उपलब्ध आहेत.

२. एककांचा प्रश्न

तुलनेपूर्वी एकक समान असले पाहिजे. या आयुष्याच्या आरंभाच्या सुमारासच नाणे आणि वजन ही दोन्ही एकके बदलली.

(अ) नाणे. १ एप्रिल १९५७ पूर्वी रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे आणि पैशाच्या ३ पै होत. म्हणजे रुपयाचे ६४ पैसे किंवा १९२ पै. त्या दिवसापासून रुपयाचे १०० नवे पैसे झाले; १ जून १९६४ पासून ‘नवा’ हे विशेषण गळाले. एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे. हा अपूर्णांक नाण्यात देता येत नसल्याने लहान व्यवहारांत भाव वर किंवा खाली वळवावे लागले. पुढे ३० जून २०११ नंतर २५ पैशांचे आणि त्याखालचे नाणे चलनातून गेले. ‘चाराणे’ हा शब्द भाषेत राहिला, पण त्या नावाचे नाणे राहिले नाही.

(आ) वजन आणि माप. शासकीय शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅमचा; ४० शेरांचा मण सुमारे ३७.३ किलोचा. १९५६ च्या कायद्यानुसार दशमान वजने टप्प्याटप्प्याने आली आणि १ एप्रिल १९६२ पासून सर्वत्र सक्तीची झाली. याखेरीज खेड्यात धान्य वजनाने नव्हे, तर मापाने दिले जाई : चिपटे, मापटे, शेर, अधोली, पायली. ही मापे गावोगाव लहानमोठी असत.

यावरून एक नियम निघतो. जुना भाव सांगताना नाणे कोणते, वजन कोणते आणि गाव कोणते, या तिन्हींचा उल्लेख नसेल तर तो भाव पुरावा म्हणून ग्राह्य धरता येत नाही. शेराचा भाव किलोचा समजल्यास केवळ एककातच सुमारे सात टक्क्यांची चूक होते. पायलीच्या भावात ती किती होईल, हे त्या गावची पायली कळल्याशिवाय सांगता येत नाही.

३. भाव : रुपयाची घसरण

सुट्या वस्तूंच्या आठवणींवरून रुपयाची क्रयशक्ती ठरत नाही, कारण स्मृती निवडक असते. त्यासाठी निर्देशांक लागतो. कामगार कुटुंब ज्या वस्तू आणि सेवा घेते त्यांचा एक ठराविक संच धरायचा, त्याचा पायाभूत वर्षातील खर्च १०० मानायचा आणि पुढील प्रत्येक महिन्याचा खर्च त्या प्रमाणात मांडायचा, ही त्याची रीत. मुंबई प्रांताच्या श्रम-कार्यालयाने १९२१ पासूनच कामगारांच्या निर्वाहखर्चाचा निर्देशांक प्रसिद्ध करण्यास आरंभ केला होता. गिरणी कामगारांचा महागाई भत्ता निर्देशांकाशी जोडला गेल्यावर हा आकडा प्रत्यक्ष पोटाशी निगडित झाला. म्हणूनच १९६३ मध्ये मुंबईच्या निर्देशांकाच्या अचूकतेविषयी कामगार संघटनांनी मोठा लढा दिला. त्यातून डी. टी. लकडावाला यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमली गेली आणि निर्देशांकात दुरुस्ती झाली. निर्देशांक हा निसर्गाने दिलेला आकडा नव्हे. तो माणसांनी रचलेला असतो आणि तपासता येतो, हे या प्रसंगाने सिद्ध केले.

केंद्र शासनाचा औद्योगिक कामगारांसाठीचा ग्राहक किंमत निर्देशांक १९६०, १९८२, २००१ आणि २०१६ या चार पायाभूत वर्षांवर उभा राहिला. एक मालिका दुसरीला जोडण्यासाठी शासनाने जोडगुणांक ठरवले आहेत : १९६० ते १९८२ साठी ४.९३, १९८२ ते २००१ साठी ४.६३, २००१ ते २०१६ साठी २.८८. २०१६ च्या पायावर डिसेंबर २०२४ चा निर्देशांक १४३.७ होता. या चारांचा गुणाकार करून १०० ने भागले असता सुमारे ९४ हा आकडा येतो.

याचा अर्थ दोन प्रकारे सांगता येतो. १९६० मध्ये एका रुपयात जो संच येत होता त्याला २०२४ अखेर ९४ रुपये लागतात. किंवा, आजच्या रुपयाची क्रयशक्ती १९६० च्या एका नव्या पैशाहून किंचित अधिक आहे. पुढील विवेचनात ९४ हा प्रमाणांक मानला आहे. ज्या वस्तूचा भाव ९४ पटींहून कमी वाढला ती इतरांच्या मानाने स्वस्त झाली; ज्या वस्तूचा त्याहून अधिक वाढला ती महाग झाली. केवळ आकडा वाढला एवढ्यावरून काहीच ठरत नाही.

४. भाववाढीच्या अवस्था

हीच वाढ कालखंडांत विभागली असता चार वार्षिक दर मिळतात. १९६० ते १९८२ : दरसाल सुमारे साडेसात टक्के. १९८२ ते २००१ : सुमारे ८.४ टक्के. २००१ ते २०१६ : सुमारे ७.३ टक्के. २०१६ ते २०२४ : सुमारे ४.४ टक्के.

येथे स्मृती आणि गणित यांत विसंगती दिसते. सर्वांत कठीण काळ म्हणून १९६० आणि १९७० ही दशके आठवली जातात, पण सरासरी वाढ सर्वाधिक आहे ती १९८२ ते २००१ या काळात. या विसंगतीची दोन कारणे आहेत.

पहिले कारण एकवटलेपणाचे. पहिल्या अवस्थेतील वाढ समान वेगाने झाली नाही. पहिल्या पंचवार्षिक योजनेच्या अखेरीस घाऊक भाव आरंभापेक्षा खाली होते. या अनुभवाने स्थिर भावाची सवय लागलेल्या पिढीवर १९६२ आणि १९६५ ची युद्धे, १९६५ ते १९६७ ची अवर्षणे आणि जून १९६६ चे रुपयाचे अवमूल्यन हे आघात आले. १९७२ च्या दुष्काळामागोमाग १९७३ मध्ये खनिज तेलाच्या किमती भडकल्या आणि १९७४-७५ मध्ये घाऊक भाव एका वर्षात सुमारे २५ टक्क्यांनी चढले. सरासरी साडेसात टक्के असली तरी एका वर्षातील २५ टक्के संसार मोडण्यास पुरेसे असतात.

दुसरे कारण महागाई आणि टंचाई यांच्या मिश्रणाचे. महागाईत वस्तू मिळते, पण भाव परवडत नाही. टंचाईत भाव ठरलेला असतो, पण वस्तू मिळत नाही. रेशनच्या गव्हासाठी आणि रॉकेलसाठी लागलेली रांग, स्कूटरसाठी किंवा टेलिफोनसाठी वर्षानुवर्षे चाललेली प्रतीक्षा, ही वस्तूच्या किमतीचाच भाग होती. मात्र ती रुपयात नव्हे, तर वेळेत चुकवली जात होती. निर्देशांकात या वेळेची नोंद नसते. १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या महागाई प्रतिकार संयुक्त महिला समितीच्या मोर्चांत मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली स्त्रिया लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या, त्याचे कारण येथे आहे. रांगेत उभे राहण्याचा भार मुख्यतः स्त्रियांवर होता. न नोंदलेली किंमत ज्यांनी चुकवली त्यांनीच ती प्रथम बोलून दाखवली.

१९९१ च्या आर्थिक उदारीकरणानंतर बहुसंख्य वस्तूंची टंचाई ओसरली. भाववाढ मात्र चालू राहिली. म्हणून तो काळ आकड्यांत महाग असूनही स्मृतीत तितका कठीण ठरला नाही.

५. मोल : वेतनाच्या मापाने

भाव ९४ पट झाला, एवढ्याने जीवन कठीण झाले की सुकर, हे ठरत नाही. त्यासाठी उत्पन्नाचा गुणांक हवा.

सर्वांत सलग नोंद केंद्र शासनाच्या कनिष्ठतम कर्मचाऱ्याच्या, म्हणजे शिपायाच्या वेतनाची आहे. पहिल्या वेतन आयोगाने ते भत्त्यासह ५५ रुपये ठरवले, दुसऱ्याने १९५९ मध्ये ८० रुपये. पुढे १९७३ मध्ये १८५, १९८६ मध्ये ७५०, १९९६ मध्ये २,५५०, २००६ मध्ये ७,००० आणि २०१६ मध्ये १८,००० रुपये असा क्रम आहे. २०२४ अखेर त्यावर ५३ टक्के महागाई भत्ता मिळून २७,५४० रुपये होतात. ८० पासून २७,५४० पर्यंतची वाढ सुमारे ३४४ पट आहे. भाव ९४ पट आणि वेतन ३४४ पट. अर्थात या वर्गाची क्रयशक्ती साडेतीन पटींहून अधिक वाढली.

आता १९६० च्या ८० रुपयांचे स्वरूप पाहू. वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतातील दारिद्र्याच्या अभ्यासात १९६०-६१ च्या भावांनुसार किमान निर्वाहाची रेषा ठरवली : ग्रामीण भागात दरमहा दरडोई १५ रुपये, शहरात साडेबावीस रुपये. पाच माणसांच्या शहरी कुटुंबाला या हिशेबाने ११२ रुपये ५० पैसे लागत. म्हणजे एकट्याच्या वेतनावर पाच जणांचा संसार चालवणारा शासकीय शिपाई, ज्याची नोकरी कायम मानली जाई आणि ज्याला गावाकडचे लोक सुखी समजत, तो दारिद्र्यरेषेखाली होता. आज तीच रेषा ९४ पट केली तर शहरात दरडोई सुमारे २,११५ रुपये होते. त्याच पदावरील कर्मचाऱ्याच्या पाच जणांच्या कुटुंबात दरडोई ५,५०८ रुपये येतात.

यातून पहिला निष्कर्ष निघतो. १९६० ची ‘स्वस्ताई’ ही वस्तूंची विपुलता नव्हती. भाव कमी होते आणि उत्पन्न त्याहून कमी होते. कमी भाव आठवणारी स्मृती कमी पगार विसरते, तेव्हा ती अर्ध्याच हिशेबावर निकाल देते.

परंतु हा निष्कर्ष सार्वत्रिक करता येत नाही. २०२४-२५ साठी महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. महिन्याला २६ दिवस काम मिळाले असे धरले तरी ७,७२२ रुपये होतात. त्यांना ९४ ने भागले असता १९६० चे सुमारे ८२ रुपये येतात. म्हणजे आजचा अकुशल मजूर पूर्ण महिना राबून १९६० च्या शिपायाच्या जागी पोहोचतो. आणि तेव्हा कायद्याची हमी महिन्याला २६ दिवसांची नव्हे, तर कुटुंबामागे वर्षाला १०० दिवसांची होती. शहरी कामगारांचा निर्देशांक ग्रामीण मजुराला लावल्याने या गणितात काही ढिलाई येते, तथापि दिशा स्पष्ट आहे. याच काळात एक वर्ग साडेतीन पट पुढे गेला आणि दुसरा त्या वर्गाच्या आरंभबिंदूपाशी आज उभा आहे.

६. वस्तूंचे चार वर्ग

९४ हा सरासरी आकडा आहे. प्रत्यक्षात वस्तूंचे भाव चार वेगवेगळ्या नियमांनी चालले. म्हणून त्यांचे वर्गीकरण करावे लागते.

(१) धोरणाने धरलेले भाव. पोस्टकार्ड १९५७ मध्ये ५ नव्या पैशांना होते, आज ५० पैशांना आहे. वाढ केवळ दहा पट. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावलेल्या पहिल्या एस.टी.चे तिकीट अडीच रुपये होते. ५५ रुपये पगाराच्या शिपायाला त्यासाठी सव्वा दिवसाहून अधिक वेतन द्यावे लागे. आज त्याच अंतराच्या साध्या गाडीचे भाडे २०० रुपयांच्या आसपास आहे. ते एका दिवसाच्या वेतनाच्या चौथ्या हिश्श्याहून कमी पडते. धरलेल्या भावाचे एक वैगुण्य मात्र घरभाड्यात दिसते. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने प्रमाण भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधले. भाडे थांबले, परंतु जागेची दुर्मिळता थांबली नाही; ती पागडीच्या रूपाने प्रकट झाली आणि दुरुस्ती न परवडणाऱ्या चाळी जीर्ण झाल्या. १९९९ च्या कायद्याने दरसाल चार टक्के वाढीला मान्यता दिली. एखादा भाव दीर्घकाळ धरून ठेवला की त्याचा भार दुसऱ्या नावाने आणि दुसऱ्या दाराने येतो, हा या वर्गाचा नियम आहे.

(२) यंत्राने उतरलेले भाव. येथे एका वस्तूमागे लागणारे मनुष्यश्रम सतत घटतात. ३१ जुलै १९९५ रोजी देशातील पहिला मोबाइल संवाद झाला, तेव्हा दर मिनिटाला १६ रुपयांपर्यंत होता. १९९६ चे किमान वेतन २,५५० रुपये. त्या संपूर्ण पगारात १५९ मिनिटांचे बोलणे येई. आज महिन्याभराच्या अमर्याद बोलण्याला त्याच पदाच्या पगाराचा शंभरावा हिस्सा पुरतो. घड्याळ, रेडिओ, कृत्रिम धाग्याचे कापड, बॉलपेन यांचीही हीच गत आहे. घड्याळ आणि रेडिओ या १९६० मध्ये विवाहप्रसंगी द्यावयाच्या वस्तू आज बाजारातून सहज उचलल्या जातात.

(३) निसर्गाने मर्यादित केलेले भाव. १९६० मध्ये दहा ग्रॅम सोने सुमारे ११२ रुपयांना होते. डिसेंबर २०२४ अखेर ते सुमारे ७६ हजारांना पोहोचले. वाढ सुमारे ६८० पट. शिपायाच्या वेतनात मोजल्यास १९६० मध्ये दहा ग्रॅमसाठी ४२ दिवस लागत, २०२४ मध्ये ८३ दिवस. म्हणजे ज्याची क्रयशक्ती साडेतीन पट झाली त्यालाही सोने दुप्पट महाग झाले. शहरालगतची जमीन याच वर्गात मोडते. येथे पुरवठा वाढवता येत नाही, म्हणून इतर वस्तू स्वस्त झाल्याने वाचलेला पैसा शेवटी जमिनीकडे आणि सोन्याकडे वळतो आणि त्यांचा भाव आणखी चढवतो. दुसऱ्या वर्गातील बचत तिसऱ्या वर्गात जिरते, हा या दोन वर्गांतील कार्यकारणसंबंध होय.

(४) मनुष्यसेवेचे भाव. न्हाव्याला एका डोक्यासाठी १९६० मध्ये जेवढा वेळ लागे तेवढाच आजही लागतो. शिक्षकाला एक धडा शिकवण्यास, परिचारिकेला एक जखम बांधण्यास लागणारा वेळही फारसा घटलेला नाही. इतर उद्योगांत यंत्रामुळे उत्पादन वाढून वेतने चढतात, तेव्हा सेवा देणाऱ्यांचीही वेतने चढावी लागतात. पण येथे उत्पादकता वाढलेली नसल्याने तो सर्व भार भावावर येतो. विल्यम बॉमोल या अर्थशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात या नियमाची मांडणी केली. महाराष्ट्रात त्याला धोरणाची जोड मिळाली. त्याच दशकाच्या उंबरठ्यावर वार्षिक १,२०० रुपयांपेक्षा कमी उत्पन्नाच्या पालकांच्या मुलांना फीमाफी देणारी ई.बी.सी. सवलत सुरू झाली होती. १९८३ मध्ये विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली आणि शिक्षणाच्या एका मोठ्या भागाचा भाव पालकांच्या अंगावर आला.

या चार वर्गांव्यतिरिक्त शेतमालाचे भाव स्वतंत्र विचारास पात्र आहेत, कारण तेथे एकच आकडा एका घराचा खर्च आणि दुसऱ्या घराचे उत्पन्न असतो. शहरात कांदा चढला की महागाईची ओरड होते. लासलगाव आणि चाकण येथे तोच भाव उतरला की कर्ज थकते. १९८० च्या सुमारास शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी संघटनेने उत्पादनखर्चावर आधारित भावाची मागणी केली, तेव्हा ‘महाग’ आणि ‘स्वस्त’ हे शब्द कोणाच्या बाजूने उच्चारले जातात हा प्रश्न प्रथमच ठामपणे पुढे आला. भावाचा कोणताही निवाडा करताना बोलणारा विकत घेतो की विकतो, हे आधी पाहिले पाहिजे.

७. गरज : पैशाच्या परिघाचा विस्तार

आतापर्यंत संच स्थिर मानला होता. वास्तविक तोच सर्वाधिक बदलला. १९६० चे, विशेषतः ग्रामीण, कुटुंब आपल्या निर्वाहाचा मोठा भाग पैशाबाहेर भागवत असे. त्याचे तीन स्रोत होते.

(अ) गृहश्रम. जात्यावरचे दळण, पाट्यावरचे वाटण, उन्हाळ्यातील पापड-शेवया, जुन्या लुगड्यांची गोधडी, गोवऱ्या आणि सरपण. या सर्वांना वेळ लागे, पैसा लागत नसे.

(आ) बलुते. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट यांना वर्षाच्या सुगीत धान्य मिळे. प्रत्येक कामाला स्वतंत्र भाव नव्हता. या व्यवस्थेत पैशाचा अभाव होता, तसाच जातीचा बंधही होता; बलुतेदाराला काम नाकारण्याचा किंवा मोबदला ठरवण्याचा अधिकार नव्हता. म्हणून तिचा अंत हा केवळ आर्थिक तोटा मानता येत नाही.

(इ) सामायिक साधने. नदी-आडाचे पाणी, गायरान, रानातील लाकूड, पारावरची करमणूक.

हे तिन्ही स्रोत एका आयुष्यात बाजाराकडे गेले. पापडाचे उदाहरण बोलके आहे. मार्च १९५९ मध्ये गिरगावात सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटण्याचा जो उद्योग सुरू केला, तो पुढे लिज्जत म्हणून देशभर गेला. भांडवल म्हणून घेतलेली ती रक्कम त्या वर्षीच्या शिपायाच्या महिन्याच्या पगाराएवढीच होती. घरच्या गच्चीवरील पापडाला भाव नव्हता; दुकानातील पापडाला आहे. तथापि, त्याच भावातून लाटणाऱ्या स्त्रीच्या हाती प्रथमच स्वतःची रक्कम आली. जे काम घरात अदृश्य होते ते बाजारात दृश्य झाले, एवढाच येथे बदल आहे.

गरजेच्या विस्ताराचा पुरावा निर्देशांकाच्या भारांकांतही सापडतो. कामगार कुटुंबाच्या खर्चात अन्नाचा भारांक १९८२ च्या मालिकेत ५७ टक्के, २००१ मध्ये सुमारे ४६ आणि २०१६ मध्ये सुमारे ३९ झाला. प्रवास, औषधपाणी, शिक्षण, दळणवळण इत्यादी संकीर्ण गटाचा भारांक २००१ मधील सुमारे २३ वरून २०१६ मध्ये ३० वर गेला. अन्नाचा वाटा घटणे हे समृद्धीचे लक्षण आहे. परंतु त्याने मोकळी केलेली जागा कोणी व्यापली हे पाहिले, तर मागील विभागातील चौथा वर्गच, म्हणजे मनुष्यसेवा, तेथे ठळक दिसतो. भूक भागवण्याचे मोल उतरले. आजारपण आणि मुलांचे शिक्षण यांचे चढले.

यातून दुसरा निष्कर्ष निघतो. भूक हा दररोजचा आणि पूर्वकल्पित खर्च आहे. आजारपण आणि शिक्षण हे एकदम येणारे मोठे खर्च आहेत. म्हणून आजचे कुटुंब रोजच्या दिवसात पूर्वीपेक्षा सुस्थित आणि आपत्तीच्या दिवसात पूर्वीइतकेच, किंबहुना अधिक, असुरक्षित असते. उत्पन्न वाढूनही चिंता कमी न होण्याचे कारण मनाच्या अतृप्तीत नसून खर्चाच्या या बदललेल्या रचनेत आहे.

८. उत्पन्नाचे तीन वर्ग आणि निर्णय

शेवटचे वर्गीकरण उत्पन्नाचे. भाववाढीच्या संदर्भात उत्पन्न तीन प्रकारचे असते. पहिले, निर्देशांकाला जोडलेले : शासकीय वेतन आणि निवृत्तिवेतन. येथे भाव चढला की सहा महिन्यांत भत्ता चढतो. दुसरे, वाटाघाटीने वाढणारे : व्यापारी, व्यावसायिक, संघटित कामगार. येथे वाढ मिळते, पण ती सामर्थ्यावर अवलंबून असते. तिसरे, रुपयात स्थिर केलेले : ठेवीच्या व्याजावर जगणारे वृद्ध, असंघटित मजूर आणि ठराविक रकमेचे निवृत्तिवेतन घेणारे.

मागील सर्व विभाग एकत्र केले असता निर्णय असा होतो. भाव ९४ पट झाले ही घटना स्वतः चांगली नाही आणि वाईटही नाही. रुपया हे माप आहे; माप आखूड झाल्याने वस्तू लांब होत नाही. परंतु ज्याचे देणे-घेणे त्या आखूड झालेल्या मापाशीच बांधून ठेवले आहे, त्याचा वाटा दरवर्षी न बोलता कापला जातो. म्हणून महागाईचा न्याय-अन्याय भावावरून ठरत नाही. उत्पन्न निर्देशांकाला जोडले आहे की नाही यावरून ठरतो.

याचे एक उदाहरण नोंदवून विवेचन पूर्ण करता येईल. खासगी आस्थापनांतील कामगारांसाठीच्या १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत किमान निवृत्तिवेतन सप्टेंबर २०१४ पासून दरमहा १,००० रुपये आहे. त्या महिन्याचा निर्देशांक २००१ च्या पायावर २५३ होता. डिसेंबर २०२४ चा निर्देशांक त्याच पायावर आणल्यास सुमारे ४१४ होतो. या दहा वर्षांत शासकीय कर्मचाऱ्याचा महागाई भत्ता वर्षातून दोनदा तपासला गेला. वृद्ध कामगाराचे १,००० रुपये तेवढेच राहिले, आणि डिसेंबर २०२४ मध्ये त्यांची किंमत २०१४ च्या ६११ रुपयांएवढी होती.